'म्हणजे काय?' : इंग्रजी बातम्या आणि माझी वही

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून आपण पोटगी, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, पोलीस ठाण्यात तक्रार कशी नोंदवायची, अशा जड विषयांवर बोललो. जेवणानंतरचे सत्र माझ्या वाट्याला आले आहे आणि विषय आहे 'इंग्रजी बातम्यांमधून अवघड शब्द कसे शिकावेत'. फळ्यावर विषय वाचून मागच्या रांगेतली एक जण हळूच म्हणाली, "आता डुलकी काढायला हरकत नाही." काढा, माझी काही तक्रार नाही. फक्त त्याआधी एक गोष्ट ऐका.

मी इंग्रजीची शिक्षिका नाही. मराठी शाळेत शिकले. पाचवीपासून इंग्रजी होते. दहावीला इंग्रजीत ३८ मार्क मिळाले, तेही घोकून. लग्न झाले, दोन मुले झाली, पुढे महिला मंडळात आले आणि तालुक्याच्या सल्ला केंद्रात बसायला लागले. केंद्रात येणाऱ्या बाईबरोबर कोर्टात जायचे, पोलीस ठाण्यात जायचे, हे माझे काम. दहावी झालेली म्हणून बाया माझ्याकडे 'शिकलेली ताई' म्हणून बघायच्या. मलाही ते आवडायचे, खोटे कशाला बोलू?

गोष्ट २००३ सालची आहे. सुमन म्हणू या तिला, हे तिचे खरे नाव नाही. नवऱ्याने टाकलेली, पदरात एक मुलगी. पोटगीचा अर्ज केला होता. तारखा पडत होत्या. एक दिवस समोरच्या बाजूने निरोप आला, नवरा नांदवायला तयार आहे, तडजोड करू. कोर्टाच्या आवारात, टायपिस्ट बसतात तिथल्या बाकावर, दीड पानाचा इंग्रजी कागद आमच्या हातात आला. वकीलसाहेबांना दुसऱ्या केसचा पुकारा झाला होता. ते घाईत म्हणाले, "ठीक आहे, नेहमीचेच आहे, वाचून घ्या." सुमनने कागद माझ्याकडे दिला.

मी वाचायला लागले. 'मेंटेनन्स' म्हणजे पोटगी, हे माहीत होते. नवऱ्याचे नाव, तिचे नाव कळले. मधे एक शब्द आला, 'वेव्ह्ज'. तिच्या नावापुढे 'वेव्ह्ज' आणि पुढे पोटगीबद्दल काहीतरी. वेव्ह म्हणजे समुद्राची लाट, एवढेच मला येत होते. लाटेचा इथे काय संबंध, असे मनात आले. विचारावे असेही वाटले. पण आजूबाजूला चार माणसे उभी होती, टायपिस्ट बघत होता, आणि मी 'शिकलेली ताई' होते. सुमनने माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. तिने सही केली.

मैत्रिणींनो, इंग्रजीत उच्चार एकच असलेले दोन शब्द आहेत. एक 'वेव्ह' म्हणजे लाट. दुसऱ्याच्या लिहिण्यात मधे एक 'आय' जास्त असतो. त्याचा अर्थ, हक्क आपण होऊन सोडून देणे. सुमनने आपला पोटगीचा हक्क मागचा, आताचा आणि पुढचा, सगळाच सोडला होता.

पाच महिन्यांनी नवऱ्याने तिला पुन्हा हाकलले. नवीन अर्ज केला तर समोरून तोच कागद पुढे आला. पुढे चांगल्या वकीलबाई मिळाल्या. बाईने पोटगीचा हक्क असा सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तो टिकत नाही, असे उच्च न्यायालयांनी काही प्रकरणांत म्हटलेले आहे. तोच मुद्दा त्यांनी लावून धरला आणि पोटगी मिळाली. पण मधे अडीच वर्षे गेली. त्या अडीच वर्षांत सुमन लोकांच्या रानात भांगलणीला जात होती आणि तिची मुलगी सातवीतून शाळेतून निघाली, ती परत गेली नाही.

सुमन मला कधी बोलली नाही. एकदाच सहज बोलून गेली, "ताई, तुमी मान हालवली म्हून म्या सही क्येली." त्या दिवसापासून मी इंग्रजी शिकायला लागले.

आधी तालुक्याच्या गावी एका क्लासला नाव घातले. तिथे 'हाऊ आर यू', 'आय ॲम फाइन' आणि दुकानात जाऊन शर्ट कसा मागायचा, हे शिकवले. मला शर्ट नको होता. मग आमच्या गावच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "पेपर वाच. पण अख्खा वाचू नकोस. आठवड्याला एकच बातमी. आणि तुझ्या कामाची." माझी सगळी शाळा म्हणजे हे एवढेच वाक्य.

रद्दीवाल्याकडून इंग्रजी पेपर किलोवर आणायचे. शिळी बातमी असली तरी शब्द शिळे होत नाहीत. आधी ती घटना मराठी पेपरात वाचायची, म्हणजे काय घडले ते माहीत असते. मग इंग्रजी बातमी वाचायची. कात्रण दोनशे पानी वहीत चिकटवायचे आणि समोरच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्या रकान्यात नवा शब्द. दुसऱ्यात तो ज्या वाक्यात आला ते अख्खे वाक्य, कारण सुटा शब्द दोन दिवसांत विसरतो. तिसऱ्या रकान्यात दोन प्रश्न : हे कोणी केले? कोणाला केले? डिक्शनरीत अर्थ मिळतो, पण या प्रश्नांचे उत्तर मिळत नाही. ते आपणच शोधायचे. आता मोबाईलवर अर्थ बघता येतो, उच्चारही ऐकता येतो. तरी वही सोडू नका. हाताने लिहिलेले डोक्यात राहते, निदान माझ्या तरी.

सुरुवात मथळ्यांपासून करा. मथळ्यांची इंग्रजी वेगळी असते, जागा कमी म्हणून आखूड शब्द. 'हेल्ड' म्हणजे अटक केली. 'प्रोब' म्हणजे चौकशी. 'बिड' म्हणजे प्रयत्न. 'रो' म्हणजे रांग, पण त्याच अक्षरांचा उच्चार 'राउ' केला की अर्थ होतो भांडण, वाद. कालची घटना मथळ्यात वर्तमानकाळात लिहितात. 'कोर्ट अक्विट्स' म्हणजे कोर्ट सोडते असे नाही, सोडले. आणि 'कोर्ट टू हिअर' म्हणजे पुढे ऐकणार आहे. ही एवढी किल्ली हातात आली की निम्मे पान उघडते.

आता तिसरा रकाना भरा. 'वुमन फाउंड डेड'. बाई मृत सापडली. कोणी मारली? मथळ्यात करणारा नाही. शाळेत 'पॅसिव्ह व्हॉइस' घोकला होता, त्याचा उपयोग कशासाठी होतो ते तेव्हा कोणी सांगितले नव्हते. करणारा गाळायचा असेल तर तो फार सोयीचा पडतो. हे इंग्रजीतच आहे असे समजू नका. इंग्रजी वाचताना सवय लागली आणि मी आपले मराठी पेपर त्याच नजरेने वाचायला लागले. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. संशय कोणाचा? खुन्याचा. त्याची सबब आपण ठळक अक्षरांत, कारण म्हणून छापतो, आणि चारित्र्य मात्र मेलेल्या बाईचे चर्चेला येते.

दुसरा शब्द 'अलेज्ड'. कथित, आरोपात म्हटलेला. गुन्हा शाबीत होत नाही तोवर पेपरने असे लिहायला हवेच, ते बरोबर आहे. आपल्या माणसावर खोटा आरोप झाला तर आपल्यालाही हा शब्द हवा असतो. पण तो वाक्यात कोणाला चिकटवला आहे, ते बघा. 'अलेज्ड' हा शब्द आरोपीमागे लागला तर अर्थ होतो, याच्यावर आरोप आहे. तोच बळी पडलेल्या बाईमागे लागला तर अर्थ होतो, ही बाई खरे बोलते की नाही कोण जाणे. वहीत असे मथळे मी लाल पेनाने खुणा करून ठेवले आहेत, नंतर बघायला मिळतील.

'कस्टडी' हा शब्द आमच्या शनिवारच्या बैठकीत आला तेव्हा एका बाईने विचारले, "पोलिसाचा ताबा आन् लेकराचा ताबा, शब्द एकच व्हय?" होय, एकच. मूळ अर्थ राखण, सांभाळ. म्हणजे ज्याच्या कस्टडीत माणूस आहे त्याच्यावर त्याच्या जिवाची जबाबदारी आहे. 'कस्टोडियल डेथ', कोठडीतला मृत्यू, हा शब्द इतका गंभीर का, ते यावरून कळते. 'डिस्चार्ज' हा शब्द तर आमच्या बायांना दवाखान्यामुळे दोन अर्थांनी पाठ आहे. घरी सोडणे हा एक, आणि अंगावरून जाणे हा दुसरा. कोर्टातला तिसरा : खटला चालण्याआधीच आरोपातून वगळणे. 'अक्विट' म्हणजे खटला चालून निर्दोष सुटणे. आणि 'क्वॉश' म्हणजे वरच्या कोर्टाने तो आदेश किंवा गुन्हाच रद्द करणे. आपल्याकडे तिन्हीला 'सुटला' म्हणतात. पण पुढे अपील करायचे की काय करायचे, हे या तीन शब्दांवर ठरते.

अवघड शब्द पाठ करायची एक युक्ती सांगते. मराठीत 'हार' घ्या. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार. मूळ एक, उपसर्ग वेगळे, अर्थ वेगळे. इंग्रजीतही तसेच चालते. लॅटिन भाषेत 'पाठवणे' या अर्थाचा एक धातू आहे. त्यातून 'मिट' आणि 'मिशन' आले. परमिट, ॲडमिट, कमिट, सबमिट, रेमिशन, ही सगळी एका घरची भावंडे. 'सब' म्हणजे खाली. सबमिशन म्हणजे खाली जाणे, नमणे, मुकाट्याने शरण जाणे. 'रे' म्हणजे मागे. रेमिशन म्हणजे मागे सरणे, सैल होणे. माझ्या नणंदेच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर 'रेमिशन' लिहून आले तेव्हा घरात पेढे वाटले होते.

आता हे दोन शब्द दोन बातम्यांत बघू.

पहिली जुनी आहे. मथुरा नावाची आदिवासी मुलगी. देसाईगंजचे पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मार्च १९७२. ठाण्यातच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राचे मर्म दोन इंग्रजी शब्दांत आहे : 'सबमिशन' आणि 'कन्सेंट'. मुकाट्याने सोसणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाण्याचा दरवाजा बंद, समोर खाकी वर्दी, आणि पोर गप्प. ती गप्प होती म्हणून ती 'हो' म्हणाली असे होत नाही. १९८० साली या प्रश्नावर देशभर बाया रस्त्यावर उतरल्या. आपल्यापैकी ज्येष्ठ मैत्रिणींना ते मोर्चे आठवत असतील. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर कोर्टाने ते गृहीत धरायचे, असे ठरले. दोन शब्दांमधला फरक कायद्यात जायला पाच वर्षे लागली.

दुसरी बातमी अलीकडची. बिल्किस बानो. २००२ साली गुजरातेत तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, तिच्या घरची माणसे मारली. खटला मुंबईत चालला. २००८ साली ११ जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी ते अकराही जण तुरुंगाबाहेर आले. इंग्रजी पेपरात शब्द होता 'रेमिशन', शिक्षेत सूट. नणंदेच्या रिपोर्टवर वाचलेला तोच शब्द. मी वहीत तो दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा हात थांबला. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट 'क्वॉश' केली. शिक्षा महाराष्ट्रातल्या कोर्टाने दिली, तेव्हा सूट देण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हता, असे सांगितले. त्या आठवड्यात आमच्या बैठकीत 'पॅरोल' आणि 'रेमिशन' यांतला फरक सगळ्या बायांनी समजून घेतला. पॅरोलवर माणूस काही दिवसांसाठी सुटतो आणि परत आत जातो. रेमिशनने शिक्षाच कमी होते. आपल्या गावातला माणूस बाहेर दिसला तर तो कोणत्या शब्दाने बाहेर आला, हे तक्रारदार बाईला कळायला नको का?

आणखी एक शब्द सांगते, तो मला फार आवडतो. म्हणजे शब्द आवडत नाही, त्याची गोष्ट आवडते. 'कॉन्जुगल'. दाम्पत्याचा, नवराबायकोचा. आपण कोर्टात 'नांदायला येण्याचा दावा' म्हणतो, त्याचे इंग्रजी नाव 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स'. मोठ्या शब्दकोशात याचे मूळ बघितले. 'कॉन' म्हणजे एकत्र, आणि पुढचा लॅटिन शब्द 'जुगुम' म्हणजे जू! बैलांच्या मानेवर ठेवतो तेच जू. संस्कृत 'युग', आपले 'जू' आणि हा लॅटिन शब्द, तिन्हींचे कूळ एकच. बैठकीत हे सांगितले तेव्हा बाया हसून हसून बेजार झाल्या. एक म्हणाली, "बैल तरी दोन असत्यात. हितं एकच वढतोय."

हे जू मानेवरून काढून ठेवणारी बाई आपल्या मुंबईतच झाली. रखमाबाई. ११ वर्षांच्या असताना लग्न झाले, मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८५ साली रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात 'अ हिंदू लेडी' या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली, इंग्रजीत. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ साली नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा मिटवला. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. आणि तो दावा? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून आहेच. पोटगी मागायला गेलेल्या बाईला उलट हीच नोटीस येते, हे आपण केंद्रात किती वेळा बघतो!

काही शब्द बायांनी स्वतः घडवले आहेत, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे इंग्रजी पेपर वर्षानुवर्षे 'ईव्ह-टीझिंग' लिहीत आले. ईव्ह म्हणजे बायबलमधली पहिली स्त्री, आणि टीझिंग म्हणजे चिडवणे, थट्टा. हा शब्द विलायतेतला नाही, आपल्याच इंग्रजीतला आहे. रस्त्यात अंगाला हात लावणे म्हणजे थट्टा! याच्या उलट 'सेक्शुअल हॅरॅसमेंट', लैंगिक छळ, हा शब्द १९७५ साली अमेरिकेत इथाका गावच्या नोकरदार बायांच्या गटाने चळवळीत आणला. तोवर त्या छळाला नावच नव्हते. नाव नसेल तर तक्रार कशाची करायची? आपल्याकडे राजस्थानातल्या भटेरी गावच्या साथिन भंवरीदेवींनी बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ च्या विशाखा निकालाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले. २०१३ साली त्याचा कायदा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. त्यात 'ईव्ह-टीझिंग' वापरू नका, 'रस्त्यावरचा लैंगिक छळ' म्हणा, असे सांगितले आहे. पण 'मॉडेस्टी' अजून आहे. १८६० च्या दंडसंहितेत बाईच्या 'मॉडेस्टी'चा भंग होता, त्यावरून आपला 'विनयभंग'. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली, कलम ३५४ चे कलम ७४ झाले, शब्द मात्र तोच राहिला. घाव घातला बाईवर, आणि भंगला म्हणे तिचा विनय. लढण्यासारखे शब्द अजून पुष्कळ आहेत.

इथे काही मैत्रिणींचा आक्षेप मला माहीत आहे. इंग्रजी कशाला शिकायची? बाईला समजेल अशा भाषेत कोर्टाने कागद द्यावेत, ही आपली मागणी असायला हवी. मला हे पूर्ण मान्य आहे. खालच्या कोर्टात मराठीतून कागद मागा, मराठीतून जबाब द्या, समजले नाही तोवर सही करू नका. पण संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरे मिळू लागली आहेत, पण आपल्या बाईची केस त्यात असेलच असे नाही. तेव्हा मागणीही करू आणि वहीही भरू.

इंग्रजी आली म्हणजे शहाणपण आले, असेही मला म्हणायचे नाही. मथुरेचा निकाल लिहिणाऱ्यांचे इंग्रजी उत्तमच होते. आणि बातमी वाचून नेमका सवाल करायला इंग्रजी लागतेच असेही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली ती एका बातमीच्या निमित्ताने. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपले तान्हे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पेपरवाले बाईच्या जातीवर तुटून पडले. ताराबाईंनी विचारले, यातला पुरुष कुठे आहे? माझ्या वहीतला तिसरा रकाना त्यांचाच आहे. पुढे अपिलात विजयालक्ष्मीची फाशी टळून शिक्षा कमी झाली. याला इंग्रजीत 'कम्युट' म्हणतात, मोठीच्या बदली लहान शिक्षा. मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्यांना 'कम्युटर' म्हणतात तो शब्द याच कुळातला. रोजच्या तिकिटांच्या बदली कमी पैशांत एक पास, त्या पासावरून तो आला.

आता तुमच्या गटात हे कसे करायचे, ते थोडक्यात सांगते. आम्ही शनिवारी बचत गटाचे पैसे मोजून झाले की अर्धा तास बसतो. अकरा-बारा जणी असतो. कोणी चौथी शिकलेली, कोणी पदवीधर सून. एक जण बातमी वाचते. न कळलेला शब्द आला की जिला कळला नाही तिने ताटलीवर चमचा वाजवायचा. नियम दोनच. "एवढंही येत नाही?" असे कोणी म्हणायचे नाही. आणि ज्या शनिवारी एकदाही चमचा वाजला नाही, त्या शनिवारी कोणीतरी खोटे बोलले असे समजायचे. शब्द कळला की त्याला आपल्या बोलीतला शब्द शोधायचा. तो सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. आठवड्याला पाच शब्द पुरेत. वर्षाला अडीचशे होतात, आणि कोर्टाच्या साध्या कागदातले पुष्कळसे शब्द त्यात येऊन जातात.

पहिल्या शनिवारी चमचा मी वाजवला होता. शब्द तोच, 'वेव्ह'. अर्थ मला तोवर पाठ झाला होता. पण त्या दिवशी बाकावर जे विचारायचे राहिले ते मला सगळ्यांसमोर एकदा विचारायचे होते. सुमन समोरच बसली होती. मी सगळे सांगितले. आता हे सांगताना आवाज जरा बरा आहे, तेव्हा नव्हता. सुमन काही बोलली नाही. उठून सगळ्यांना चहा दिला.

पुढे त्या शब्दाची आणखी माहिती मिळाली. जुन्या इंग्लंडात कायद्याच्या छत्राबाहेर टाकलेल्या पुरुषाला एक शब्द होता, आणि तशाच बाईला दुसरा. बाईसाठी जो शब्द होता तो हाच, 'वेव्ह'. टाकलेली. मी सुमनला सांगितले. ती म्हणाली, "मंजी माझंच नाव हुतं की त्या कागदावर. आदी ठावं असतं तर खोडलं असतं."

आज सुमन आमच्या केंद्राच्या बायांबरोबर कोर्टात जाते. तिला इंग्रजी फारशी वाचता येत नाही. पण कागद हातात आला की ती चष्मा लावते, बोट ठेवते आणि मोठ्याने विचारते, "ह्ये म्हंजे काय?" वकीलसाहेब घाईत असले तरी विचारते. उत्तर मिळेपर्यंत कागद परत देत नाही. मघाशी दाखवलेल्या तीन रकान्यांपेक्षा हे शिकायला मला जास्त वेळ लागला.

तेव्हा पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीने एक कात्रण आणि त्यातले न कळलेले पाच शब्द घेऊन या. कळलेले नकोत. ताटली आणि चमचा मी आणते.